हातात न आलेला बार

आमच्या घरात बार मोजायला दोन माणसं बसतात. बार म्हणजे विहिरीच्या तळाशी, काळ्या दगडात छिद्र पाडून त्यात ठासलेली दारू. माझे बाबा विहिरी फोडतात. रिसोड तालुक्यात, रिठदच्या अवतीभवती, पाण्याला लागलेल्या कितीतरी विहिरींच्या तळाशी आधी माझ्या बाबांचा बार फुटलेला आहे, हे मी छाती काढून सांगते. आता पुष्कळ जण बॅटरीच्या तारेनं बार उडवतात. बाबा अजून वातीवर आहेत. वाती पेटवायच्या, शिडीनं वर यायचं आणि पळायचं. मग जमिनीच्या पोटातून एकामागून एक दणके येतात. भरले तेवढे उडाले का, हे कळायला मोजण्याशिवाय दुसरा रस्ता नाही. एक कमी आला तर तो खाली जिवंत आहे असं धरायचं. तो एका मिनिटानं उडेल, दोन घंट्यांनी उडेल, नाहीतर कुणी पहार लावली की तोंडावर उडेल.

म्हणून दोन माणसं. विहिरीच्या दोन बाजूंना, एकमेकांचं बोलणं ऐकू येणार नाही एवढी लांब. मोजून झालं की दोघांनी बाबांसमोर यायचं आणि एकमेकांकडे न पाहता, एकाच वेळी, बोटं वर करायची. बोटं जुळली तर उतरायचं. नाही जुळली तर सूर्य दुसऱ्यांदा उगवेपर्यंत त्या विहिरीत कुणीही पाय घालायचा नाही, मग मालक कितीही ओरडो. कुणाचं खरं, कुणाचं खोटं, यावर वाद घालायचा नाही. ही रीत बाबांच्या मामांमुळे पडली. मामा एकटेच मोजायचे आणि एकटेच उतरायचे. शेवटच्या वेळी उतरले तेव्हा त्यांना वर आणायला शिडी लागली नाही, मलब्याची बादली पुरली. बाबा तेव्हा वर दोर धरून उभे होते.

एका बाजूला काका बसतात, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. दुसऱ्या बाजूला आधी माय बसायची. तिचे कान मंद झाले तशी तिची जागा मला मिळाली. तिनंच मला तळहात जमिनीला टेकवून बसायला शिकवलं. बार आधी हातात येतो, मग कानात. कॉलेजात दगडातून आणि हवेतून जाणाऱ्या लहरींचा वेग शिकवला तेव्हा सगळा वर्ग वहीत उतरवून घेत होता. मी आपल्या तळहाताकडे पाहत बसले होते.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे वाक्य मी कुठेही बोलते, लग्नात, एसटीत, बँकेच्या रांगेत. काही लोकांना ते मिरवणं वाटतं. वाटू द्या. बी.एस्सी. झाल्यावर मी अमरावतीला एम.एस्सी.ला गेले. तिथं मला प्रकल्प मिळाला तो गुरुत्वीय लहरींचा, आणि ज्या सुट्टीची गोष्ट मी सांगते आहे त्या सुट्टीत मी तेच काम लॅपटॉपवर घेऊन घरी आले होते. आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात अशा लहरी पकडणारं यंत्र उभं राहतंय, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. ते नेमकं काय पकडणार, हे कुणाला माहीत नव्हतं. काही जणांना वाटायचं की भूकंप, काही जणांना वाटायचं ढग.

दुपारी बाबा आणि काका जेवायला बसले की मी सांगायची. मेलेल्या, कोसळलेल्या ताऱ्याचं कृष्णविवर होतं. त्यातून उजेडसुद्धा बाहेर येत नाही. अशी दोन एकमेकांच्या तावडीत सापडली की एकमेकांभोवती फिरायला लागतात. लाखो करोडो वर्षं फिरतात, आणि प्रत्येक फेऱ्याला थोडी जवळ येतात. जवळ येतील तसा वेग वाढतो. शेवटी शेवटी एका सेकंदात शंभरावर फेरे. मग टक्कर. दोघांचं एक होतं, आणि त्या एका क्षणात एवढी ताकद बाहेर फेकली जाते की दिसणाऱ्या सगळ्या ताऱ्यांचा उजेड एकत्र केला तरी तिच्यापुढे फिका पडेल. पण तिथं ना जाळ, ना धूर, ना आवाज. हादरतो तो खुद्द अवकाश. तो हादरा निघतो आणि अब्जावधी वर्षं चालत आपल्यापर्यंत येतो. इथं येईपर्यंत एवढा बारीक होतो की चार किलोमीटर लांबीच्या यंत्राची लांबी अणूच्या गाभ्याच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी बदलते.

काका भाकरी मोडत म्हणाले, "एवढी मारामारी झाली अन् वार लागला तो असा? आमच्या पाटलाच्या पोराच्या थपडीवानी."

मी म्हटलं, लांबून आला ना काका, म्हणून. ते म्हणाले की मग जवळ जाऊन पाहायचं. मी म्हटलं, जवळ गेलेला परत येत नाही. त्यावर काका म्हणाले की मग ते आपल्याच धंद्यातलं आहे, आणि खूप हसले. काका हसले की त्यांचे वरचे दात सगळे दिसायचे, पांढरे, सरळ. आमच्या घराण्यात तसे दात कुणाला नाहीत.

बाबांना दुसरीच गोष्ट आवडली. असं एकच यंत्र चालत नाही, निदान दोन लागतात, हजारो किलोमीटर अंतरावर. कारण यंत्र एवढं हळवं असतं की बाजूनं ट्रक गेला, वारा सुटला, कुणी फाटक आपटलं, तरी ते दणका दाखवतं. मग अवकाशातून आलेला दणका कोणता आणि फाटकाचा कोणता? तर दोन्हीकडे एकाच वेळी, एकाच चालीचा आला तोच धरायचा. एकीकडेच आला तर तो कितीही मोठा, कितीही देखणा असो, बाजूला ठेवायचा. माझा प्रकल्प या बाजूला ठेवायच्या दणक्यांचाच होता. दिवसभर मी त्यांची चित्रं पाहून त्यांची वर्गवारी करायची.

बाबांनी विचारलं, "मोजून झाल्यावर खाली कोन उतरते?"

मी सांगितलं की कुणीच उतरत नाही.

"मंग दोन कायले बसवता?"

"खोटं सांगितलं तर नाव जाते, बाबा."

त्यांनी मान हलवली. हे त्यांना पटलं की नाही, मला कळलं नाही.

त्या सुट्टीत बाबांकडे काम होतं ते रिठदच्या पलीकडच्या एका शेतातलं, जुनी विहीर खोल करायचं. मालक सरळ माणूस, पण त्याच्या धुऱ्यापलीकडचा, म्हणजे बांधापलीकडचा, शेजारी तापट. त्याचा टिनाचा गोठा विहिरीकडे पाठ करून उभा. बाबांनी त्याला आदल्या दिवशीच जाऊन सांगितलं होतं की उद्या दुपारनंतर बार आहेत, बैल सोडून लांब बांधा. शेजारी म्हणाला होता, माझे बैल माझ्या गोठ्यातच राहतील, तुमचा दगड तुमच्या विहिरीत ठेवा. ते दोन धुरेकरी आधीच एकमेकांचं तोंड पाहत नव्हते आणि बाबांचं काम त्या भांडणाच्या मधोमध आलं होतं.

दुपार कलली. तूर निघून गेलेली, शेत उघडं. सहा बार भरले होते. काका गोठ्याच्या बाजूला बाभळीखाली बसले. मी समोरच्या बाजूला, तिकडच्या धुऱ्याआड, डावा तळहात जमिनीवर टेकून, उजव्या हाताची बोटं मोजायला मोकळी. बाबांनी वाती पेटवल्या, वर आले आणि तीन वेळा ओरडले, "होऽऽ बार." बाबा मोजत नाहीत. त्यांचे कान याच धंद्यात अर्धे गेलेत.

पहिला आला. आधी हातात, मग कानात. दुसरा आला, तिसरा आला. चौथा जोरात आला आणि विहिरीच्या तोंडातून काळा दगड असा वर उडाला की क्षणभर तो पाखरासारखा दिसला. मग तो पलीकडे, काकांच्या बाजूला गेला. पाचवा आला. मी पाचवं बोट मिटलं आणि वाट पाहिली. हातात काही नाही. कानात, लांबून, बैलाचं हंबरणं.

आम्ही वाट पाहायची तेवढी पाहिली. मग मी विहिरीकडे गेले, काकाही आले. बाबांसमोर आम्ही हात वर केले. मी एक पंजा. काकांचा एक पंजा आणि वर एक बोट.

बाबांनी आधी माझी बोटं मोजली, मग काकांची. मग म्हणाले, "चला. आज कोनी उतरत नाई."

आजवर काकांचा आकडा चुकला नव्हता. सगळी अडचण तीच होती. माझी आणि त्यांची बोटं आधीही दोनदा जुळली नव्हती आणि दोन्ही वेळा चूक माझी निघाली होती. काका माझ्याकडे पाहून म्हणाले, "पोरी, तुले झोप लागली होती काय?" रागानं नाही, हसूनच. त्यांनी सामान उचलायला सुरुवातही केली होती. ते तिथंच संपलं असतं.

पण धुऱ्यावरून शेजारी आला. हातात बैलगाडीच्या कडेचा दांडा, उभारी, तोंडाला फेस. चौथ्या बाराचा तो दगड त्याच्या गोठ्याचं टिन फाडून आत पडला होता आणि एका बैलाचं शिंग मुळापासून गेलं होतं. बैलाचं रक्त त्याच्या सदऱ्यावर होतं. तो शिव्या देतच आला आणि त्यानं समोर जो दिसला त्याला हाणली. समोर काका होते. उभारी काकांच्या खांद्यावर बसली. लाकडाचा असा आवाज झाला की मला वाटलं हाड गेलं. काकांनी त्याचा गळा धरला. दोघं धुळीत लोळले. मालक आणि छिद्रं पाडायच्या मशीनवरचे दोघं धावले, त्यांनी ओढून सोडवलं. बाबा मध्ये उभे राहिले आणि त्याला म्हणाले की बैलाचं आम्ही भरून देऊ, पण आता इथून लांब हो, एक बार खाली जिवंत आहे.

शेजाऱ्याला ते उमजायला थोडा वेळ लागला. मग तो हसला.

"जित्ता हाय? अन् हा तुह्या भाऊ तं सहा दाखवून राह्यला होता. म्या धुऱ्यावरून पाह्यलं." तो काकांकडे वळला. "काय बे, तुह्या मोजनीचं या पोरीपुढे काई चालत नाई काय? सहा म्हनतं ना? मंग उतर. नाईतर म्हन का पोरीचं खरं."

मशीनवरचा एक जण फिस्सकन हसला. त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, भीतीनं आलेलं हसू होतं. पण काकांनी ते ऐकलं.

काकांचा डावा खांदा लोंबत होता. त्यांनी शेजाऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विहिरीकडे चालू लागले. मला वाटलं पहार आणायला चाललेत. त्यांनी शिडीवर पाय ठेवला तेव्हा मला कळलं.

"दादा, सहा उडाले," ते बाबांना म्हणाले. "म्या माह्या कानानं ऐकले. पाहून येतो."

बाबांनी मोठा भाऊ म्हणून काकांना वाढवलं. आमची आजी गेली तेव्हा काका चड्डीत होते. बाबांनी त्यांच्यावर कधी हात उचलला नव्हता, हे माय नेहमी सांगायची. बाबा धावले. काका छातीपर्यंत विहिरीत गेले होते. बाबांनी त्यांचे केस धरले आणि दोन्ही हातांनी, झाड उपटावं तसं, त्यांना वर ओढलं. काका ओरडले, त्यांनी बाबांच्या पोटात लाथ घातली. बाबा पडले नाहीत. त्यांनी काकांच्या तोंडावर बुक्की मारली. पुन्हा मारली. काकांचं तोंड फुटलं, रक्त आणि दात एकत्र बाहेर आले. तरी काका शिडीकडे सरकत होते. आता त्यांना शेजारी दिसत नव्हता, मी दिसत नव्हते, फक्त ते भोक दिसत होतं. मी त्यांचा पाय धरला. त्यांनी पाय झटकला, टाच माझ्या गालावर बसली आणि मी मलब्यावर तोंडावर पडले. बाबा त्यांच्या छातीवर बसले आणि मारतच राहिले, रडत होते आणि मारत होते. शेजारी उभारी घेऊन तिथंच उभा. आता कुणाला मारायचं ते त्याला कळत नव्हतं.

माझा गाल जमिनीला होता. गालात तो आधी आला.

मी ओरडले की नाही मला आठवत नाही. मग आवाज आला आणि विहिरीनं तोंड उघडलं. धूळ, दारूचा वास, आणि वर जाऊन परत यायला निघालेले दगड. बाबांना कमी ऐकू येत असलं तरी हे कळलं. ते काकांवर आडवे झाले आणि उजवा हात काकांच्या डोक्यावर धरला. भाकरीएवढा एक दगड नेमका त्या हातावर पडला. मी तो आवाज ऐकला. पुढं कुणी विचारलं की लहरी कशा ऐकू येतात, तर मी बाकी सगळं सांगते, हा आवाज सांगत नाही.

धूळ बसली तेव्हा शिडीचा वरचा भाग वाकून पिळला होता. काका त्या वेळी शिडीच्या मध्यावर असते, नाहीतर तळाशी.

शेजाऱ्यानं उभारी टाकली आणि तो पळाला. आम्हाला वाटलं, गेला. तो त्याचा छोटा हत्ती टेम्पो घेऊन आला. मागं ताडपत्री टाकून आम्ही बाबांना बसवलं. बाबांच्या हाताला मालकाचा दुपट्टा गुंडाळला होता आणि त्याच्यातून रक्त गळत होतं. बोटं किती राहिली हे आम्ही पाहिलं नाही. काका त्यांच्या शेजारी बसले, तोंडाला रुमाल लावून. शेजारी गाडी हाणत होता आणि खड्डा आला की मागं वळून म्हणत होता, "धरा भाऊ, धरा." बैलाचं शिंग गेलेला, काकांचा खांदा मोडणारा तो माणूस.

रिसोडच्या रस्त्याला लागल्यावर काकांनी रुमाल काढला. ओठ सुजून त्यांचे शब्द धड निघत नव्हते.

"तुले कसं समजलं का माह्यं खोटं हाय?"

मी म्हटलं, "तुमचं खोटं नव्हतं, काका. तुमच्याकडं वाजलंच होतं. तो दगड टिनावर पडला, तुमच्या कानाजवळ. मले ते ऐकूच आलं नाही. मले फक्त एवढं माहीत होतं का माह्या हातात पाच आले."

त्यांनी रुमालाची कोरडी बाजू वर करून ओठाला लावली. मग म्हणाले, "लय मोठ्यानं वाजलं होतं पोरी. बारापेक्षा मोठ्यानं."

"हो."

"तुह्या त्या मशीनीत बी असंच वाजते काय?"

मी सांगितलं, रोज वाजतं. मोठ्यानं, छान, अगदी खऱ्यासारखं. आणि आम्ही ते सोडून देतो. कोणाची चूक म्हणून नाही, फक्त दुसऱ्या बाजूला ते आलेलं नसतं म्हणून. एवढं बोलले आणि पाहिलं तर बाबांच्या हाताचा दुपट्टा माझ्या मांडीवर टपकत होता. मी माझी ओढणी काढून त्यावर गुंडाळली. शेजाऱ्यानं गाडी थांबवली नाही, हळू मात्र केली.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, माझ्याच वयाचा असेल. त्यानं बाबांना आत घेतलं. दोन बोटं काढावी लागली, अंगठा वाचला. काकांचा खांदा बांधला, ओठ शिवला. वरचे पुढचे दात गेले होते. मारहाणीची केस आहे असं त्याला वाटलं, आणि ते बरोबरच होतं. त्यानं काकांना विचारलं की कुणी मारलं. दारात शेजारी उभा होता, हातात पाण्याची बाटली. त्याचा चेहरा उतरला.

आतल्या खाटेवरून बाबा म्हणाले, "म्या मारलं."

डॉक्टरनं त्यांच्याकडे पाहिलं, मग काकांकडे. खांद्याचंही त्यांनीच केलं का, असं विचारलं. काकांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि खांद्यावर दगड पडला असं सांगितलं. डॉक्टरला पटलं नाही. तो काकांजवळ बसला आणि हळू आवाजात म्हणाला की घाबरू नका, घरचा माणूस असला तरी तक्रार देता येते, दात तोडणं साधी गोष्ट नाही. शिकलेली म्हणून त्यानं मलाही सांगितलं, तुम्ही समजवा त्यांना. मी काकांकडे पाहिलं. ते उत्तर द्यायचा हक्क काकांचा होता.

काकांनी शिवलेल्या ओठानं, एक एक शब्द थांबत, म्हटलं, "लिहा साहेब. मोठ्या भावानं मारलं. त्यानं मारलं म्हनून तं तुमाले सांगाले जित्ता हाओ मी."

मग त्यांनी शेजाऱ्याकडे हात केला आणि पाण्याची बाटली मागितली. टाके ओढत होते, अर्धं पाणी गळ्यावरून छातीवर सांडलं. शेजाऱ्यानं खिशातून रुमाल काढला, त्याच्यावर बैलाचं रक्त होतं म्हणून परत खिशात घातला आणि आपल्या सदऱ्याच्या बाहीनं काकांची हनुवटी पुसली.